फुलपाखरांची मोजणी आणि संख्याशास्त्र: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

पाऊस ओसरला की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या वाटांवर फुलपाखरांची वर्दळ वाढते आणि त्याच सुमारास एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पूर्वीसारखी फुलपाखरं राहिली नाहीत आता." खरंही असेल. पण पूर्वी म्हणजे कधी, कुठल्या वाटेवर, सकाळी की दुपारी, किती, असं विचारलं की बोलणं थांबतं, कारण तेव्हा कुणी मोजलेलं नसतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत हौशी निरीक्षक भरपूर आहेत, कॉलेजची मुलं प्रोजेक्ट करतात, मोबाइलमध्ये फोटोंचे ढीग साचतात. फोटोवरून जात कळते. ती जात वाढते आहे की घटते आहे, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी ठरवून मोजावं लागतं.

बारावीपर्यंतची सरासरी आणि थोडीफार आकडेमोड आठवत असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की करा. संख्याशास्त्र मोजणी संपल्यावर नाही, मोजणीच्या आधी सुरू होतं. "डेटा गोळा झालाय, आता कुठली टेस्ट लावू?" या प्रश्नाची वेळ तोवर टळून गेलेली असते. वाट चुकीची निवडली असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर ती दुरुस्त करत नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"येऊरमधील फुलपाखरे" हे प्रोजेक्टचं शीर्षक होईल, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: सप्टेंबर ते डिसेंबर या काळात रस्त्याकडेच्या वाटांवर आणि आतल्या झाडीतल्या वाटांवर दर १०० मीटरला दिसणाऱ्या क्रो फुलपाखरांची संख्या वेगळी असते का? यात जागा आली, काळ आला, जात आली आणि मोजायचं एकक आलं. असं वाक्य जमलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

जागा निवडताना ती कशाचं प्रतिनिधित्व करते, हे बघा. घोडबंदर रोडला ओवळ्यात ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे. फुलपाखरं ओळखायला शिकायचं तर ठाण्यात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पण तिथे फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडं लावलेली आहेत. तिथल्या आकड्यांवरून ठाण्यातली फुलपाखरं किती, हे सांगता येणार नाही. शिकायला तिथे जा, आणि मोजायला ज्या जागेबद्दल बोलायचं आहे तिथे जा.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. नियमित अभ्यास करायचा असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. किडे पकडणं, गोळा करणं, त्यांच्यावर खुणा करणं तर परवानगीशिवाय अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फुलपाखरांच्याही बऱ्याच जाती येतात. परवानगी मिळेपर्यंत सोसायटीची बाग, कॉलेजचं आवार, खारघरचं सेंट्रल पार्क इथे तीच पद्धत वापरून हात बसवता येतो.

वाट आखणं

फुलपाखरं मोजायची जगभर चालणारी पद्धत म्हणजे पोलार्ड वॉक. ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड यांनी ती घडवली आणि १९७६ पासून तिथली राष्ट्रीय मोजणी तिच्यावरच चालते. ठरलेली वाट, ठरलेला संथ वेग, आणि आपल्यापुढे एक काल्पनिक चौकोनी खोली: डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, समोर ५ मीटर, वर ५ मीटर. या खोलीत जे येईल ते मोजायचं. पाठीमागून आलेलं मोजायचं नाही. समोरच्या टेकाडावर ब्लू मॉरमॉन दिसलं, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून कितीही कौतुक असलं, तरी ते मोजणीत धरायचं नाही, शेऱ्यात लिहायचं. ओळख पटवायला थांबलात तर मोजणीही थांबवायची, आणि तेवढ्या वेळात आत शिरलेली फुलपाखरं सोडून द्यायची.

ब्रिटनमधले तापमानाचे नियम इथे उपयोगाचे नाहीत. ठाण्यात सकाळी साधारण ९ ते ११:३० हा काळ चांगला. ऊन पडलेलं असतं, उकाडा असह्य झालेला नसतो. वेळ कुठलीही ठरवा, पण शेवटपर्यंत तीच ठेवा. पाऊस पडत असताना किंवा जोराच्या वाऱ्यात मोजू नका.

वाटेचे १०० मीटरचे तुकडे पाडा, त्यांना क्रमांक द्या आणि कोणते तुकडे मोजायचे ते मोबाइलवरच्या रँडम नंबरने ठरवा. इथे बहुतेक जण कच खातात. क्रमांक आला रुक्ष, सावलीतल्या तुकड्याचा, आणि शेजारच्या तुकड्यात घाणेरी फुललेली दिसते आहे. पाय तिकडेच वळतात. असे सगळे फुललेले तुकडे निवडले की सरासरी फुगते, आणि ती किती फुगली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

जमिनीवरच्या किड्यांसाठी चौकट टाकून मोजत असाल तर कडेचा नियम आधी ठरवा. डाव्या आणि खालच्या कडेवर असलेला किडा आत धरायचा, उजव्या आणि वरच्या कडेवरचा बाहेर. ही बारीक बाब वाटते, पण शेतीच्या सर्वेक्षणात यावर मोठा वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की पीक कापणीचे प्लॉट फार लहान ठेवले तर उत्पन्नाचा अंदाज वाढून येतो, कारण कडेवरची रोपं आत घेण्याकडे माणसाचा कल असतो. प्लॉट जितका लहान तितकी त्यात कड जास्त. चौकट लहान, किडे भरपूर आणि मोजणारा उत्साही, असं असलं की हेच घडतं.

आणखी एक सापळा आहे, आणि प्रोजेक्टचे अहवाल सर्वांत जास्त त्यातच अडकतात. समजा, रस्त्याकडेची एक वाट घेतली, आतली एक वाट घेतली आणि दोन्हींवर दहा-दहा वेळा चाललात. आकडे वीस झाले. पण तुलना वीस गोष्टींची नाही, दोनच वाटांची आहे. आतल्या वाटेवर ओढा असेल तर फरक झाडीमुळे पडला की ओढ्यामुळे, हे दहा काय, शंभर फेऱ्यांनीही कळणार नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. फेऱ्या कमी करा, पण दोन्ही प्रकारच्या पाच-सहा वेगवेगळ्या वाटा घ्या.

तक्ता

एक ओळ म्हणजे एका फेरीत, एका तुकड्यात, एका जातीची संख्या. रकाने असे: तारीख, सुरुवातीची वेळ, वाट, तुकडा, तुकड्याची लांबी, ढग, वारा, निरीक्षक, जात, संख्या, शेरा. रंग देऊन किंवा सेल जोडून सजवू नका, सॉफ्टवेअरला रंग वाचता येत नाही.

दिसलं नाही तर ० लिहा. पावसामुळे तुकडा मोजलाच नाही तर रकाना रिकामा सोडा आणि शेऱ्यात कारण द्या. या दोन्हींची सरमिसळ झाली की सगळी सरासरी खोटी ठरते.

ओळख पटली नाही तर गट लिहा. कॉमन क्रो आणि ब्राउन किंग क्रो उडताना वेगळे सांगणं अवघड असतं. ग्रास यलोच्या जाती वेगळ्या करायला पंखांच्या खालच्या बाजूचे ठिपके नीट दिसावे लागतात. "क्रो गट", "ग्रास यलो गट" असं लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाजाने लिहिलेल्या जातीपेक्षा प्रामाणिकपणे लिहिलेला गट कितीतरी मोलाचा. निरीक्षक दोन असतील तर सुरुवातीच्या काही फेऱ्या एकाच वाटेवर स्वतंत्रपणे मोजा आणि आकडे ताडून बघा. एकाला नेहमीच जास्त दिसत असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

सहा शून्यं आणि एक चौदा

आता खऱ्या संख्याशास्त्राकडे. समजा, एका सकाळी दहा तुकड्यांत क्रो गटाचे आकडे असे आले: ०, ०, १, ०, १४, २, ०, ०, ३, ०.

बेरीज २०, सरासरी २. पण सरासरीइतका आकडा दहापैकी एकाच तुकड्यात आहे. व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, काढा: प्रत्येक आकड्यातून २ वजा करा, वर्ग करा, बेरीज करा. बेरीज १७० येते. ९ ने (तुकडे दहा, त्यातून एक वजा) भागल्यावर १८.९. फुलपाखरं तुकड्यांमध्ये कशीही, एकमेकांशी संबंध न ठेवता विखुरलेली असती तर आकडे पॉइसन वितरणाचे असते, आणि त्यात व्हेरियन्स सरासरीएवढाच असतो. इथे तो नऊपटीहून जास्त आहे. दुसरी खूण शून्यांची. सरासरी २ असलेल्या पॉइसनमध्ये शून्य येण्याची शक्यता सुमारे १३.५ टक्के, म्हणजे दहा तुकड्यांत एखाद-दुसरं शून्य. आपल्याकडे सहा आहेत.

ते चौदा कुठून आले? त्या तुकड्यात जाऊन बघा. बहुधा खुळखुळ्याचं झुडूप सापडेल. क्रो आणि टायगर कुळातले नर खुळखुळ्याच्या सुकलेल्या, कुरतडलेल्या भागांवर दाटीवाटीने बसतात आणि सोंडेने त्यातली अल्कलॉइड शोषतात, कारण मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला ती लागतात. एका फांदीवर पंख मिटलेली सात-आठ फुलपाखरं असतात आणि जवळ गेलं तरी लवकर हलत नाहीत. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर क्षार शोषायला जमणाऱ्या नरांचंही तसंच. म्हणजे व्हेरियन्स मोठा येणं ही मोजणीतली गडबड नव्हे. फुलपाखरं कशी जगतात ते त्या आकड्यात उतरलेलं आहे. म्हणून चौदाला "आउटलायर", म्हणजे बाकीच्यांत न बसणारा आकडा, म्हणून खोडू नका. तुकड्यात खुळखुळा आहे की नाही, असा एक रकाना वाढवा.

डेंग्यूच्या एडिस डासांतही हेच दिसतं. १०० घरांपैकी १० घरांत अळ्या सापडल्या तर हाउस इंडेक्स १०. त्याच १० घरांत मिळून अळ्या असलेली भांडी २५ निघाली तर दर १०० घरांमागे भांडी मोजणारा ब्रेटू इंडेक्स २५. दोन आकड्यांतली तफावत सांगते की अळ्या थोड्या घरांत साचून आहेत, आणि फवारणीवाल्यांना तेच जास्त उपयोगी पडतं.

अशा गठ्ठ्याने येणाऱ्या आकड्यांसाठी निगेटिव्ह बायनॉमियल वितरण वापरतात. त्यातला 'के' हा आकडा गर्दीचं माप देतो: सरासरीचा वर्ग भागिले (व्हेरियन्स वजा सरासरी). आपल्या उदाहरणात ४ भागिले १६.९, म्हणजे ०.२४. के जितका लहान तितकी गर्दी जास्त.

आता याचा खर्च बघा. सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलला तर सरासरी साधारण किती हलेल त्याचं माप: १८.९ भागिले १० याचं वर्गमूळ, १.३७. नेहमीच्या पद्धतीने ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी तो पट्टा) काढला तर तो उणे १.१ ते ५.१ येतो. उणे एक फुलपाखरू नसतं. पाठ्यपुस्तकातली घंटेच्या आकाराची वक्ररेषा या आकड्यांना लागू नाही, हे आकडेच सांगताहेत. अशा वेळी बूटस्ट्रॅप करा: याच दहा आकड्यांतून, घेतलेला आकडा परत ठेवत, दहा-दहाचे हजारो नवे नमुने कॉम्प्युटरकडून काढून घ्या, प्रत्येकाची सरासरी काढा आणि मधल्या ९५ टक्के सरासऱ्या कुठून कुठपर्यंत पसरल्या ते बघा. निदान शून्याखाली तरी जाणार नाही. पण दहा तुकडे कमीच आहेत, ते बूटस्ट्रॅपने वाढत नाहीत.

मग किती हवेत? त्रुटी सरासरीच्या २० टक्क्यांवर, म्हणजे ०.४ वर आणायची असेल तर १८.९ भागिले ०.४ चा वर्ग: सुमारे ११८ तुकडे. हा हिशेब मोसम सुरू होण्याआधी, दोन-तीन चाचणी फेऱ्यांच्या आकड्यांवर करायचा असतो. ११८ शक्य नसतील तर प्रश्न बदला. जास्त सारखी पसरलेली जात निवडा, किंवा खुळखुळा असलेले आणि नसलेले तुकडे असे दोन गट पाडून प्रत्येकातून वेगळा नमुना घ्या. या एका संध्याकाळच्या आकडेमोडीने चार महिन्यांची पायपीट वाचते.

दिसलं नाही, म्हणजे नव्हतं?

मोजलेला आकडा म्हणजे तिथली फुलपाखरं नव्हेत. त्यांतली आपल्याला दिसलेली. समजा, एखादी जात तिथे असताना एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ३४ टक्के. पाच फेऱ्यांत १७ टक्के. आठ फेऱ्यांनंतर कुठे ती ६ टक्क्यांच्या खाली येते. तीन फेऱ्या मारून "ही जात इथून नाहीशी झाली" असं लिहिणारे अहवाल मी वाचले आहेत, आणि तशी विधानं पुढे बातम्यांमध्ये जातात. म्हणून त्याच जागी थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जायला हवं. अशा फेऱ्यांवरून दिसण्याची शक्यता आणि प्रत्यक्ष अस्तित्व वेगळं करणारी ऑक्युपन्सी मॉडेल्स आता सहज वापरता येतात.

न दिसलेल्या जाती किती असतील, याचा अंदाजही दिसलेल्यांवरून बांधता येतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ कॉर्बेट यांनी मलायात जमवलेल्या फुलपाखरांत ११८ जातींचा एकेकच नमुना होता, ७४ जातींचे दोन-दोन, ४४ जातींचे तीन-तीन. यापुढे आणखी किती जाती सापडतील, हा त्यांचा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हाती घेतला, आणि १९४३ मध्ये विल्यम्स यांच्यासह तिघांनी मिळून त्यावर लिहिलं. पुढे १९८४ मध्ये ॲन चाओ यांनी एक सुटसुटीत सूत्र दिलं: एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग भागिले दोनदा सापडलेल्यांच्या संख्येची दुप्पट. कॉर्बेटचे आकडे घाला: ११८ चा वर्ग भागिले १४८, म्हणजे ९४. किमान इतक्या जाती नजरेतून सुटल्या होत्या. आपल्या तक्त्यावर हेच करा. ३८ जाती, त्यातल्या ८ एकदाच आणि ४ दोनदाच, तर ६४ भागिले ८, म्हणजे आणखी ८, एकूण किमान ४६. "किमान" हा शब्द गाळू नका.

शॅनन इंडेक्स, म्हणजे जातींच्या विविधतेचं माप, बहुतेक प्रोजेक्टमध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो. दोन जागांवरचा वेळ आणि अंतर सारखं नसेल तर त्या आकड्यांची तुलना करू नका. आधी रेअरफॅक्शनने, म्हणजे मोठा नमुना लहानाएवढा धरला तर किती जाती दिसल्या असत्या हे काढून, नमुने समान करा. आर या मोफत सॉफ्टवेअरमधल्या व्हेगन पॅकेजमध्ये दोन्हींची सोय आहे.

खुणा करून अंदाज

परवानगी असेल आणि किडा फारसा स्थलांतर करणारा नसेल, उदाहरणार्थ गवतातले नाकतोडे, तर पकडून, खूण करून, सोडून पुन्हा पकडण्याची पद्धत वापरता येते. समजा, आधी ४० वर खूण केली, नंतर ५० पकडले आणि त्यात १० खुणेचे निघाले. चॅपमनच्या सूत्राने, तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून, ४१ गुणिले ५१ भागिले ११, वजा १: सुमारे १८९. खुणेचे दहाऐवजी पाचच निघाले असते तर अंदाज थेट ३४७ च्या वर गेला असता. एवढ्या थोड्यांवर एवढा मोठा आकडा टेकलेला असतो, म्हणून आधी भरपूर खुणा करा. मधल्या काळात जन्म, मृत्यू, ये-जा नाही, खुणा पुसल्या जात नाहीत आणि खुणेमुळे किडा पकडायला सोपा किंवा अवघड होत नाही, हे गृहीत धरलेलं असतं. एखाद-दोन दिवसांच्या अंतरात हे बऱ्यापैकी टिकतं, महिन्याभरात मुळीच नाही.

मॉडेल आणि निष्कर्ष

मोजणीच्या आकड्यांवर थेट टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी नेहमीची चाचणी) लावायचा मोह टाळा. आरमध्ये निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल बसवा. तुकड्यांची लांबी वेगवेगळी असेल तर तिचा लॉग ऑफसेट म्हणून द्या, म्हणजे लांबी दुप्पट तर अपेक्षित संख्या दुप्पट, हे मॉडेलला कळतं. एकाच वाटेवरचे आकडे एकमेकांसारखे असतात, म्हणून वाट रँडम इफेक्ट म्हणून घाला, म्हणजे वाटावाटांमधला फरक मॉडेल वेगळा धरतं. आरच्या glmmTMB पॅकेजमध्ये हे सगळं एका ओळीत होतं. मोसमाचा चढउतार सरळ रेषेत जात नाही, पावसाळ्यानंतर वाढतो आणि पुढे उतरतो, तेव्हा तारखेसाठी वक्ररेषा ठेवा. मॉडेल बसल्यावर त्याने सांगितलेली शून्यं आणि आपल्या तक्त्यातली शून्यं जुळतात का ते तपासा. ही तपासणी न करता पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) वाचण्यात अर्थ नाही.

पी-व्हॅल्यूचं म्हणाल तर, चाळीस जातींवर चाळीस वेळा टेस्ट लावली तर काहीही फरक नसतानासुद्धा ०.०५ च्या खाली सरासरी दोन जाती जातीलच. म्हणून मुख्य जात किंवा गट आधी ठरवून लिहून ठेवा. बाकीच्यांबद्दल जे दिसलं ते "पुढे तपासण्याजोगं" म्हणून नोंदवा. आणि दोन वर्षांच्या आकड्यांवरून घट जाहीर करू नका. पाऊस लांबला की किड्यांची संख्या वर्षागणिक कितीतरी खालीवर होते.

निकाल लिहिताना फक्त "लक्षणीय फरक आढळला" असं लिहून सोडू नका. आतल्या वाटांवर दर १०० मीटरला किती, रस्त्याकडेला किती, फरक किती पट, त्याचा इंटरव्हल कुठून कुठपर्यंत, किती वाटा, किती फेऱ्या, कोणत्या वेळात, हे सगळं एका परिच्छेदात यायला हवं. इंटरव्हल रुंद आला तर तसाच छापा, पुढच्या माणसाला किती तुकडे घ्यायचे ते त्यावरूनच ठरवता येईल. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर टाका, पण तिथे शून्यं जात नाहीत. शून्यांसकट मूळ तक्ता, वाटेचा नकाशा, तुकड्यांच्या जीपीएस खुणा आणि एक कोरा फॉर्म कॉलेजच्या विभागात किंवा निसर्गमंडळाकडे ठेवून द्या, आणि पुढच्या सप्टेंबरात त्याच वाटेवर कोण चालणार, ते यंदाच्या मोसमातच ठरवा.